खंडेनवमीला कॉम्प्युटर बघायला: मुलुंड ते बोरिवली, बसने

या ब्लॉगवर डोंगर झाले, समुद्र झाला, देवळं तर किती झाली. आज मुलुंड ते बोरिवली. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे फारशी संधी मिळणार नाही.

ऐंशीच्या दशकाचा मध्य. मी मुलुंडला राहणारी, कॉलेजात नुकतीच गेलेली आणि कॉम्प्युटरचं वेड लागलेली मुलगी. वेड कसलं, तर एकही कॉम्प्युटर न बघता लागलेलं. रद्दीवाल्याकडून जुनी परदेशी मासिकं आणायची, कागदावर प्रोग्राम लिहायचे आणि आपणच मशीन होऊन ते पेन्सिलीने चालवायचे. कंपन्यांबद्दल मात्र माझी मतं अगदी ठाम होती. सरकारशी भांडून देश सोडून गेलेल्या त्या बड्या अमेरिकन कंपनीवर माझा राग होता आणि तिला जाऊ देणाऱ्या सरकारवर त्याहून जास्त. देशी कंपन्या म्हणजे वरून आपली पेटी आणि आत परदेशी माल, असं मी शेजारच्या काकांना ऐकवायचे. काका बँकेत होते, शिवाय युनियनचे. "तुझं ते मशीन आलं की माझी खुर्ची जाणार," ते म्हणायचे. "तेव्हा तू जरा गप्प बस."

या सहलीची कल्पना विजूदादाची, म्हणजे माझ्या मामेभावाची. तो घाटकोपरला भटवाडीत राहायचा आणि अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका ब्यूरोत कॉम्प्युटर ऑपरेटर होता. तेव्हा लहान कारखान्यांकडे स्वतःचा कॉम्प्युटर नसायचा. ते आपले पगाराचे हिशेब अशा ब्यूरोला द्यायचे आणि ब्यूरो छापून परत करायचा. मामाची गिरणी संपानंतर उघडलीच नव्हती, त्यामुळे घर विजूदादाच्या पगारावर चाललेलं. तो अजून टेंपररी होता. दसऱ्यानंतर कायम करतो, असं मालकाने त्याला तोंडी सांगितलं होतं आणि मामीने ते अख्ख्या चाळीला सांगून टाकलं होतं.

"शुभा, एरवी मशीनच्या खोलीत मालकाच्या सासऱ्यालाही सोडत नाहीत," विजूदादा म्हणाला. "पण खंडेनवमीला मशीनची पूजा असते ना, दारं उघडी. त्या दिवशी चल. सकाळी घाटकोपर, मग आमच्या ब्यूरोत, मग बोरिवली. सगळं दाखवतो तुला."

मी सकाळीच आग्रा रोडवरून बस पकडली. त्या रस्त्याला दुसरं नाव कधीच मिळालं होतं, पण मुलुंडमध्ये ते फक्त पाकिटावर लिहायचे. भांडुप-विक्रोळीच्या कारखान्यांच्या फाटकांना झेंडूच्या माळा आणि केळीचे खुंट लावलेले. मामीकडे घावणे आणि नारळाची चटणी खाल्ली. निघताना मामीने विजूदादाच्या शर्टाची कॉलर नीट केली आणि म्हणाली, "सायबाच्या डोळ्यासमोर ऱ्हव रे आज."

पहिला थांबा घाटकोपर स्टेशनजवळ, साड्यांच्या दुकानावरचा कॉम्प्युटर क्लास. जिन्यावर रंगीत पाटी: उज्ज्वल भविष्य, परदेशात नोकरी. आत शाळेसारखी बाकं, फळ्यावर चौकोन आणि बाण, आणि पुढे टेबलावर हार घातलेला एकुलता एक कॉम्प्युटर.

"आज पूजा आहे, हात लावायचा नाही," तिथले सर म्हणाले.

"आणि इतर दिवशी?" मी विचारलं.

"इतर दिवशी नंबराप्रमाणे."

विजूदादा इथेच शिकला होता. अख्ख्या कोर्समध्ये त्याचा नंबर फार थोड्या वेळा लागला, बाकी सगळं शिक्षण फळ्यावर. त्या काळात सगळ्यात चांगला धंदा करणाऱ्या कॉम्प्युटर कंपन्या म्हणजे कॉम्प्युटर न बनवणाऱ्या कंपन्या, हे माझं मत तिथे बनलं आणि आजवर बदललेलं नाही.

घाटकोपरहून अंधेरीची बस असल्फा, साकीनाका करत जायची. रस्ता म्हणजे खड्डे आणि त्यांच्यामधून वाट काढणारे ट्रक. आता मेट्रोने हे अंतर तुम्ही मोबाइलवरून मान वर करायच्या आत पार करता, तेव्हा अंग खिळखिळं व्हायचं. ऑक्टोबरचं ऊन, नाल्याचा वास. साकीनाक्याला बस बराच वेळ अडकली तेव्हा विजूदादाने खिडकीतूनच चहा घेतला. तो खुशीत होता. कायम झाल्यावर संध्याकाळच्या क्लासला जाऊन प्रोग्रामिंग शिकेन म्हणाला. "ऑपरेटर म्हणजे यार, मशीनचा हमाल. मला आतलं शिकायचंय."

ब्यूरो एका औद्योगिक गाळ्यांच्या इमारतीत वरच्या मजल्यावर होता. चपला बाहेर काढायच्या, कारण धूळ चालत नाही. आत एसीचा गारवा, खिडकी एकही नाही, आणि समोर ते. टेप फिरवणारी कपाटं, मोठा प्रिंटर आणि धुलाई यंत्राएवढी डिस्कची पेटी. पेटीत एकावर एक तबकड्यांची चवड गरगर फिरते आणि तबकड्यांवर केसाहूनही कमी अंतरावर माहिती वाचणारी डोकी तरंगतात, मध्ये धुराचा कण आला तरी तबकडी खरवडली जाते, हे मी मासिकात वाचलं होतं. ते प्रत्यक्ष चालू बघताना माझे हात आपोआप जोडले गेले. खोटं कशाला सांगू, देवळात मला तसं कधी झालं नव्हतं.

खरं तर त्या दिवशी मशीन चालूच असायला नको होतं. खंडेनवमीला हत्यारं, अवजारं, यंत्रं विश्रांती घेतात आणि आपण त्यांची पूजा करतो. पण मालकाने गिऱ्हाइकांना, म्हणजे कारखानदार मंडळींना बोलावलं होतं. बंद मशीन दाखवून काय उपयोग, दिवे लुकलुकताना दिसले पाहिजेत, प्रिंटरवर 'शुभ दसरा' छापून निघालं पाहिजे, असा त्याचा हुकूम होता. मालकाची आई घरून धुपाटणं घेऊन आली होती. निखाऱ्यावर धूप पडला आणि धुराचा लोट उठला. खिडकी नसलेली खोली, एसी तीच हवा फिरवतोय.

मी विजूदादाकडे पाहिलं. तो आधीच पुढे झाला होता. "साहेब, धुपाटणं जरा बाहेर ठेवूया का? आत धूर नको."

मालक गिऱ्हाइकांकडे बघून हसला. "अरे, देवाचा धूर आहे तो, विडीचा नाही."

सगळे हसले. आरती सुरू झाली, मालक स्वतः घंटा वाजवत होता. पेटीतून पाटीवर खिळा ओढल्यासारखा आवाज आला, पण घंटेच्या नादात तो बहुतेक आम्हा दोघांनाच ऐकू आला. प्रिंटर 'शुभ' छापून थांबला.

"काय झालं?" एका गिऱ्हाइकाने विचारलं.

"काही नाही, आमच्याकडे सगळ्याची दुसरी प्रत असते," मालक म्हणाला. "विजय, दुसरी डिस्क लाव."

विजूदादा जागचा हलला नाही. "साहेब, आधी इंजिनियरला बघू दे. डोकी खराब झाली असतील तर दुसरीसुद्धा जाईल."

"लाव म्हणतो ना."

पेढे हातात धरून मंडळी वाट बघत होती. विजूदादाने पेटीतली चवड उचलून बाजूला ठेवली, कपाटातून दुसरी डिस्क, म्हणजे तशीच चवड, काढली, दोन्ही हातांनी पेटीत बसवली आणि बटण दाबलं. तबकड्या वेग घेऊ लागल्या. मग तोच आवाज. आता घंटा वाजत नव्हती, त्यामुळे तो सगळ्यांनी ऐकला.

त्या दोन्ही डिस्कवर समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांच्या कामगारांचे दिवाळी बोनसचे हिशेब होते. महिनाभर ब्यूरोतल्या मुलामुलींनी बसून भरलेले. आता ते कुठेच नव्हते. एका गिऱ्हाइकाने पेढा परत ताटात ठेवला आणि म्हणाला, "पूजेच्या दिवशी असं व्हायला नको होतं."

मी मालकाचा चेहरा बघत होते. तो एकदा धुपाटण्याकडे बघितल्यासारखं करून लगेच वळला. त्याची आई तिथेच खुर्चीवर बसली होती. "पूजेचा काय संबंध?" तो म्हणाला. "डिस्क बिघडणं चालायचंच. पण बिघडलेल्या मशीनमध्ये दुसरी डिस्क लावायची नसते, एवढं ऑपरेटरला कळायला पाहिजे."

ज्याने हे त्याला दोन मिनिटांपूर्वी सांगितलं होतं, तो समोरच उभा होता. बाकीच्यांनीही ऐकलं होतं. ते चपला घालायला दाराकडे वळले. विजूदादाने मशीन बंद केलं. मालक त्याला म्हणाला, "तू जा आता. दसऱ्यानंतर ये, बघू."

जिना उतरताना मी भडकले होते. "तू बोलला का नाहीस?"

"काय बोलू? देवाच्या धुराने मोडलं म्हणू?" त्याने चपलेचा पट्टा लावला. "उद्या एक गिऱ्हाईक त्या मशीनला हात लावू देणार नाही. अपशकुनी म्हणतील. मालकाची वाट लागेल आणि त्याच्यासकट आमची सगळ्यांची. माझ्यावर ढकललं की मशीनचं नाव तरी चांगलं राहतं ना."

मला वाटलं आता घरी जाऊ. पण त्याने बोरिवलीचीच बस पकडली. "तुला दाखवतो म्हटलं होतं," एवढंच म्हणाला. हायवेला जोगेश्वरी गेली, गोरेगाव गेलं, तो बाहेर बघत राहिला. बोरिवलीला पुलाखाली जंगलातल्या पाड्यांवरच्या बायका आपट्याच्या फांद्यांचे भारे घेऊन बसल्या होत्या. आम्ही उभ्याउभ्या वडापाव खाल्ला. त्याने अर्धाच खाल्ला.

बोरिवली पूर्वेच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये घरगुती कॉम्प्युटर बनवणारी कंपनी होती. बनवणारी म्हणजे काय, तर पेटीवर स्वतःचं नाव लावणारी. झाकण उघडं होतं आणि आतल्या पट्टीवर परदेशी अक्षरं होती. माझं मत बरोबर निघालं होतं, पण त्याचा आनंद काही होईना. तिथल्या माणसाने कॉम्प्युटर टीव्हीला जोडला आणि मला म्हणाला, "बस, लिही काहीतरी." आयुष्यात पहिल्यांदा मी खऱ्या कीबोर्डला हात लावला. पाठ असलेला एक छोटा प्रोग्राम लिहिला, आणि पेन्सिलीने मला पाऊण तास लागायचा ते उत्तर पडद्यावर लगेच आलं. ज्या क्षणाची मी इतकी वर्षं वाट बघितली होती तो असा आला, आणि माझं सगळं लक्ष मागे दारापाशी चाललेल्या बोलण्यात होतं.

"तुमच्याकडे ऑपरेटर लागतो का?" विजूदादा मॅनेजरला विचारत होता.

"अनुभव कुठला?"

त्याने ब्यूरोचं नाव सांगितलं.

"चांगली जागा आहे की. मग सोडली का?"

"अजून सोडली नाही," विजूदादा म्हणाला.

दिवेलागणीला आम्ही भटवाडीत पोचलो. मामी दारातच होती. "काय रे झिला, सायब काय म्हणालो?"

"पूजा झकास झाली," त्याने सांगितलं आणि पेढ्यांचा पुडा तिच्या हातात दिला. तो पुडा त्याने बोरिवलीला विकत घेतला होता. मामीने त्यातला एक देवापुढे ठेवला, एक मामाच्या हातावर. मुलुंडच्या बसमध्ये बसवून देताना तो मला म्हणाला, "घरात काही बोलू नकोस, मी सांगेन."

त्याने सांगितलं, पण वेगळंच. दसऱ्यानंतर त्याला काढून टाकलं, तेव्हा त्याने घरी सांगितलं की आपल्या हातून चुकीची डिस्क लागली. मी एकदा खोदून विचारलं तर म्हणाला, "आईला सांगू की पूजेने घात केला? ती सगळं जग सोडेल, पण देव सोडणार नाही, मग त्याच्यासमोर बसणार कशी?" ब्यूरोंचं जग तेव्हा एवढंसं होतं. दोन डिस्क घालवणारा पोरगा म्हणून त्याचं नाव तो मुलाखतीला पोचायच्या आधीच पोचलेलं असायचं. शेवटी तो विक्रोळीच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागला आणि तिथूनच रिटायर झाला. प्रोग्रामिंग मी शिकले. माझा पहिला लॅपटॉप दाखवायला नेला होता तेव्हा त्याने हात पाठीमागे बांधून तो वाकून बघितला. खूप आग्रह केला तरी हात लावला नाही.

हा रस्ता तुम्हाला करायचा असेल तर जरूर करा. अर्ध्या दिवसात होतो. अंधेरीच्या त्या भागात आता निळ्या काचांच्या इमारती आहेत. माझं ऑफिसही तिथेच होतं. खंडेनवमीला तिथे सर्व्हरच्या खोलीबाहेर पूजा करायचो, उदबत्ती न पेटवता. आत धूर नको, ही सूचना ईमेलने यायची आणि ती वाचून कुणी हसायचं नाही. दरवर्षी ती वाचून मला संताप यायचा. कुणावर काढायचा ते कळायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी विजूदादा गेला. भेटायला गेले तर मामी भिंतीला टेकून बसली होती. खूप थकलीय, पण बोलणं स्वच्छ आहे. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "माज्या झिलान आपल्या हातान मशीन मोडल्यान गो, म्हणान तेची चांगली नोकरी गेली. पण त्या दिवशी पूजा झालेली, म्हणान थोडक्यात सुटलो. नायतर पोलिसात दिल्यानी असते. देवी पावली तेका."

"हो मामी," मी म्हटलं. "पावली."