तलैयावरची घरं आणि आमच्या कुंदाताई

ॲडव्होकेट कुंदाताई रामटेके पहिल्यांदा माझ्या घरी आल्या, तेव्हा त्यांना दार मी उघडलं नाही. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. त्यांनी कडी वाजवायला हात उचलला आणि दार आपोआप आत सरकून उघडलं. समोरच्या खोलीत कोणी नव्हतं.

"कोणी आहे का घरी?" त्यांनी विचारलं.

"या ना, मी आत आहे."

"मग दार कोणी उघडलं?"

"आमच्या ह्यांनी."

त्यांनी चपला काढल्या आणि रिकाम्या खोलीकडे बघून हात जोडले, "नमस्कार." मग त्यांचं लक्ष भिंतीवरच्या फोटोकडे गेलं. फोटोला हार होता. त्या हसल्या नाहीत आणि दचकल्याही नाहीत. खाली बसल्या आणि म्हणाल्या, "रोज येतात?"

"रोज. लाइट आली की."

कुंदाताईंच्या साठीनिमित्त हा ग्रंथ निघतो आहे. त्यात मोठे वकील लिहिणार, प्राध्यापक लिहिणार, युनियनचे लोक लिहिणार. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. पुढचं सगळं मिळेल ते वाचून शिकले. मला कायद्यातलं सांगता येणार नाही. त्यांनी आमचं कसं ऐकून घेतलं, तेवढं सांगते.

कुंदाताईंचे वडील विदर्भातून पोटासाठी जबलपूरला आले आणि रिछाईच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले. एक दिवस कामगार सकाळी कामावर गेले तर फाटकाला कुलूप. मग प्रत्येक जण एकटाच कचेरीत जाई आणि एकटाच मान खाली घालून परत येई. प्रत्येकाला वाटे, खोट आपल्याच नशिबात आहे. कुंदाताई तेव्हा कॉलेजात होत्या. त्या कायद्याकडे वळल्या त्या हे बघून. पुढे लेबर कोर्टात उभ्या राहू लागल्या तेव्हा कोणीही गाऱ्हाणं घेऊन आलं की त्यांचा पहिला प्रश्न असे, "तुझ्यासारखे अजून कोण आहेत?"

त्यांची आणखी एक पद्धत आहे. पुष्कळ लोकांचं एक गाऱ्हाणं असलं तरी त्या सगळ्यांना एकत्र बसवून ऐकत नाहीत. एकेकाला वेगळं बसवतात. शेजाऱ्याचं ऐकून माणूस आपलं बदलतो, असं त्या म्हणतात.

ह्या पद्धतीनंच त्यांचं नाव झालं, आणि नाव पडलंही. रिछाईतल्या एका कारखान्यात बायका मागच्या शेडमध्ये जायला तयार नव्हत्या. तिथं उभं राहिलं की मानेवर मागून कोणीतरी गार हात ठेवतं, डोळ्यांपुढं अंधारतं आणि बाई पडते. मालकानं शेडमध्ये पूजा घातली. पूजेला बसलेली बाईही पडली. कुंदाताईंनी एकेकीला वेगळं ऐकलं. तो हात मानेवर पडण्याआधी प्रत्येकीच्या तोंडाला गोडसर चव येत होती. खोके चिकटवायचं एक रसायन तिथं उघडं ठेवलेलं असे, ही त्याची वाफ होती. बायकांना हवेशीर शेड मिळाली, औषधपाणी मिळालं. पण बाररूममध्ये वकील मंडळी ताईंना 'भूतों की वकील' म्हणू लागली.

ताई म्हणत, "ठीक है भैया. भूत भी फीस नहीं देते, मज़दूर भी नहीं देते. मुझे आदत है."

आमची कॉलनी पनागरच्या रस्त्याला होती. आमचे हे नोकरीतून सुटल्यावर आम्ही तिथं घर घेतलं. घरं विकणाऱ्यानं जमीन शेताची असल्याचं सांगितलं होतं. राहायला गेलो आणि दुसऱ्या हिवाळ्यात हे गेले.

त्यानंतर ते सुरू झालं. तेव्हा विजेची कटौती फार असे. संध्याकाळी लाइट परत आली, ट्यूब फडफडून लागली, की थोड्या वेळानं स्वयंपाकघराच्या फरशीखाली 'टप्' असा आवाज येई. मग जरा पुढं दुसरा. मग मधल्या खोलीत. एक पाऊल नीट पडे आणि एक किंचित घासत येई. ह्यांचा डावा पाय तसाच होता. आवाज फळीजवळ थांबे, फळीवरचे कप किणकिणत, आणि मग दार उघडे. चौकात चहा प्यायला हे रोज त्याच वेळी निघत. मी आतून म्हणे, "लवकर या." दिवसभरातलं माझं कोणाशी बोलणं असेल तर तेवढंच. मला भीती वाटत नव्हती.

बाकीच्या घरांत मात्र भीती होती. शेजारच्या तिवारीजींच्या न्हाणीघराखाली त्यांची वारलेली आई खोकत असे. कोपऱ्यावरच्या घरात भिंतीच्या आतून कोणी नखं ओढी. पण हे कोणी कोणाला सांगत नव्हतं. घराचं नाव खराब झालं तर घर विकलं जात नाही, मुलीला स्थळ येत नाही. पनागरचा एक बाबा नात्यातला 'मौसाजी', म्हणजे मावशीचा नवरा, म्हणून येई आणि उंबऱ्याखाली लिंबू पुरून जाई. पुढं कळलं की तोच मौसाजी सगळ्या घरांचा मौसाजी होता.

तिवारीजी कुंदाताईंचे जुने अशील, बंद पडलेल्या कारखान्यातले. त्यांची सून नीलू गरोदर होती आणि तिच्या पलंगाजवळच्या भिंतीला फुगवटा आला होता. त्यांनी ताईंना बोलावलं ते फक्त भिंत दाखवायला. ताईंनी भिंत बघितली आणि विचारलं, "तुमच्यासारखे अजून कोण?" अशा त्या घरोघर फिरल्या आणि माझ्या दारी आल्या.

मग त्यांनी सगळ्यांना कडुलिंबाच्या झाडाखाली जमवलं. कोणाच्या घरी काय होतं हे त्यांनी उघड केलं नाही. एवढंच विचारलं, "टाइम क्या है?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग कोणीतरी हळूच म्हणालं, "लाइट आने के बाद." दुसराही तेच म्हणाला. तिसराही.

तिवारीजी म्हणाले, "ये कैसा भूत है दीदी, बिजली विभाग से पूछकर आता है?"

लोक हसले. त्या कॉलनीत सगळे एकदम हसलेले मी पहिल्यांदा बघितले. ताई हसत नव्हत्या. त्या कॉलनीच्या पंपाच्या खोलीकडे बघत होत्या. लाइट आली की पंपवाला भैया पंप सुरू करी आणि जमिनीतलं पाणी वर ओढलं जाई.

त्यांचं म्हणणं होतं की काही दिवस पंप बंद ठेवावा, टँकरनं पाणी आणावं, आणि कॉलेजातल्या इंजिनिअर सरांनी घरं बघावी. सगळे तयार झाले. मी नाही म्हटलं.

"काकू, काहून नाही म्हणता?"

"पंप बंद केला आणि हे आले नाहीत तर?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या परत आल्या आणि माझ्याजवळ बसून राहिल्या. लाइट आली. पावलं स्वयंपाकघरातून निघाली, आमच्या दोघींच्या मधून गेली, दार उघडलं. ताईंनी फरशीवर तळहात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

"काकू, मला तुमच्याशी खोटं बोलता येत नाही," त्या म्हणाल्या. "मला वाटते ही जमीन बोलून राहिली. माझं चुकतही असेल. तुमची सही नसली तरी बाकीच्यांची केस मी चालवीन, तुम्हाला ओढणार नाही. फक्त एकदा नीलूची भिंत बघून या."

मी गेले. नीलूनं माझा हात धरून भिंतीवर ठेवला. भिंत ओली आणि गार होती. हाताखाली ती जराशी आत गेली आणि पुन्हा वर आली, झोपलेल्या माणसाच्या पोटासारखी.

"काकी, मैं इधर करवट नहीं लेती," नीलू म्हणाली. "लगता है दीवार के उस पार भी कोई सो रहा है."

भिंतीच्या त्या पार माझंच घर होतं. मी परत आले आणि ताईंना म्हटलं, "बंद करा पंप."

पंप बंद झाला त्या संध्याकाळी सगळी कॉलनी कान देऊन बसली होती. ताई माझ्याकडे आल्या आणि खाली भिंतीला टेकून बसल्या. लाइट आली, ट्यूब फडफडली आणि लागली. स्वयंपाकघरातून काही आलं नाही. फळीवरचे कप हलले नाहीत. दार लागलेलंच राहिलं. तिवारीजींकडे कोणी खोकलं नाही. ज्या आवाजाला भिऊन लोकांनी उंबऱ्याखाली लिंबं पुरली, तो आला नाही, तेव्हा एकाही घरातून आनंदाची हाक ऐकू आली नाही. बाहेर कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. असं गप्प गाव मी कधी ऐकलं नव्हतं.

ताईंची केस त्याच घटकेला उभी राहिली होती. पण 'बघा, मी म्हटलं नव्हतं' असं त्यांच्या तोंडून आलं नाही, आणि चेहऱ्यावरही दिसलं नाही. अंधार पडेपर्यंत त्या तशाच बसल्या. मग उठून आत गेल्या, चहा करून आणला आणि म्हणाल्या, "काकू, सांजेचा दिवा लावायचा राहिला."

पुढं ग्राहक मंचाच्या परवानगीनं तिवारीजींच्या अंगणात खोदलं. आधी मुरूम लागला, मग काळा चिखल, लव्हाळ्याची मुळं, आणि मग दगडी पायऱ्या लागल्या. त्या खाली उतरत आमच्या घरांखाली जात होत्या. पायऱ्यांवर बांगड्यांच्या काचा होत्या. हिरव्या, लाल, थरावर थर. जवळच्या वस्तीतल्या एका म्हातारीला बोलावलं. ती काठावरूनच म्हणाली, "ये तो तलैया है. दसवाँ यहीं होता था. औरतों की चूड़ियाँ यहीं फूटती थीं." तळं बुजवून वर घरं उठवली होती, आणि पंपानं पाणी ओढलं की खालचा चिखल दबून घरं हलत. मजूर खड्ड्यातून वर चढला तो परत उतरेना.

कुंदाताई बौद्ध. त्या असलं काही मानत नाहीत. पण इंजिनिअर सरांचं काम संपल्यावर त्या स्वतः खाली उतरल्या, ओंजळीनं काचा गोळा केल्या आणि एका स्वच्छ फडक्यात बांधल्या. मी विचारलं, "तुम्ही कशाला?" त्या म्हणाल्या, "माझं मानणं राहू द्या काकू. कोणाच्या तरी हातातल्या आहेत." ग्वारीघाटाला जाऊन त्यांनी त्या नर्मदेत सोडल्या. मी सोबत होते.

मंचापुढं विकणाऱ्याच्या वकिलानं कुठूनतरी माझी गोष्ट ऐकली होती. ताईंनी ती कागदांत कुठंही घातली नव्हती. त्यानं मला उभं केलं आणि सगळ्यांकडे हसून बघत विचारलं, "माताजी, आप तो कहती थीं कि आपके पति रोज़ घर में चलते हैं. तो ये मुक़दमा मकान का है या भूत-प्रेत का?"

मागं कोणीतरी हसलं. ताई उठू लागल्या होत्या. मी हातानं त्यांना थांबवलं.

मी म्हटलं, "चलते थे साहब. मैं रोज़ उनसे बात करती थी. फिर पंप बंद किया तो चलना बंद हो गया. मेरा आदमी पंप से नहीं चलता था."

हे मी तोपर्यंत स्वतःलाही म्हटलं नव्हतं. म्हटलं, आणि ह्यांना दुसऱ्यांदा पोचवून आल्यासारखं झालं. कोणी हसलं नाही. अध्यक्षांनी त्या वकिलाला विचारलं, "और कुछ पूछना है?" तो फाइल मिटून खाली बसला.

बाहेर आल्यावर ताई म्हणाल्या, "काकू, हे मी तुम्हाला बोलायला सांगितलं नव्हतं."

"नव्हतं सांगितलं, म्हणून बोलता आलं," मी म्हटलं.

निकाल लागला. सगळ्यांना दुसरीकडे पक्क्या जमिनीवर घरं मिळाली. आम्ही निघाल्यावर पावसाळ्यात ती भिंत पडली. नीलूचा पलंग जिथं होता तिथंच पडली. नीलूची मुलगी तेव्हा नव्या घरी रांगत होती. लोक ताईंना नारळ द्यायला गेले, तर त्या दुसऱ्या कोणाचं ऐकत बसल्या होत्या. त्यांनी बोट ओठावर ठेवून सगळ्यांना बाहेर बसायला सांगितलं.

माझं आताचं घर चांगलं आहे. दार लावलं की लागतं. संध्याकाळी मी वाचत बसते. कुंदाताई ह्या बाजूला आल्या की येतात. कधी बोलतो, कधी नुसत्या बसतो. त्यांना गप्प बसता येतं. वकिलांत हे दुर्मीळ असावं.

ताई, मी वयानं मोठी आहे, म्हणून आशीर्वाद देते. मी तुमच्या आधी जाणार. तिकडं आमचे हे भेटले तर सांगणार आहे की मी त्यांच्याविरुद्ध साक्ष देऊन आले. ते रागावतील, मग नीलूच्या पोरीबद्दल सांगेन, मग रागावणार नाहीत. पण तुम्हाला घाई नको. तुम्ही कोणीही हाक मारली की चपला घालून निघता. तिन्हीसांजेला बाहेरून आलेल्या पहिल्या हाकेला ओ देऊ नये, असं आमच्यात म्हणतात, ते तेवढं ऐका. कोर्टात तुम्ही स्वतःहून पुढची तारीख कधी मागत नाही, हे सगळं जबलपूर जाणतं. त्या वरच्या कोर्टात मात्र मागा. एक मिळाली की दुसरी मागा. आणि अंगानं धडधाकट राहून प्रत्येक तारखेला गैरहजर राहा.