ह्यांची स्वप्नं आणि माझी वही

आमच्या ह्यांना रिटायर झाल्यावर स्वप्नं पडायला लागली. आधीही पडत असतील, पण चादरीच्या कारखान्यात डिझाइन काढणाऱ्या माणसाला त्यांचा काय उपयोग? तिथं ग्राफच्या कागदावर एकेक चौकोन रंगवत मोर काढायचा, मालक म्हणाले की मोराची मान आखूड करायची आणि गिऱ्हाइकानं कमळ मागितलं की मोर खोडून कमळ काढायचं. पस्तीस वर्षं हेच. निरोपाच्या दिवशी नारळ आणि चादर मिळाली. चादरीवरचा मोर ह्यांचाच होता, पण ते तिथं कुणाच्या लक्षात आलं नाही.

घरी आल्यावर म्हणाले, आता एक तरी चित्र माझ्या मनातलं काढायचंय. मी म्हटलं, काढा की, कोण नको म्हणतंय. पण कागद पुढं घेतला की हात आपोआप मोराकडं वळायचा. मग मोबाइलवर कुणाचं तरी भाषण ऐकलं की मोठमोठे चित्रकार स्वप्नातनं चित्रं उचलतात. झालं, आमच्या घरात झोपेला एकदम मान आला. दुपारी वामकुक्षीलासुद्धा हे कामाला निघाल्यासारखे निघायचे.

अडचण एकच होती. उठल्यावर ह्यांना स्वप्नातलं काही म्हणजे काही आठवत नाही. पण पहाटे झोपेत बोलतात, आणि तेही कानडीत. हे अक्कलकोटकडचे, ह्यांच्या घरात कानडी. मी मोडनिंबची. लग्नानंतर कानडी शिकले ती पाहुण्यांपुरती: या, बसा, जेवण झालं का, आलं, गेलं. तरी हुकूम सुटला की उशाशी वही ठेव आणि मी बोललो की लिहून घे.

पहिल्याच पहाटे हे पुटपुटले, "आनी… आनी बंतु." बंतु म्हणजे आलं, एवढं मला येत होतं. आणि 'आनी' तर आमच्या मोडनिंबला सगळेच म्हणतात. म्हणजे 'आणि आलं'. काय आलं? मी पेन्सिल धरून पुढच्या शब्दाची वाट बघत बसले. हे घोरायला लागले.

सकाळी चहाच्या आधीच विचारणा, काय बघितलं मी? नुसतं 'आणि आलं' सांगितलं असतं तर बिचाऱ्यांचं तोंड पडलं असतं. त्या दिवशी नळाला पाणी यायचा वार होता आणि माझं सगळं लक्ष तिकडं. मी सांगून टाकलं, पाणी आलं म्हणत होता. हे डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "व्हय, असंच कायतरी होतं."

मग चित्र काढलं. छपरांवरून निळंशार पाणी वाहतंय आणि दारादारातल्या घागरी आपण होऊन बाहेर आल्यात. चित्र खरंच छान झालं आणि मला चटक लागली. रोज पहाटे हे तेच दोन शब्द म्हणायचे, मी रोज वहीत नवीन काहीतरी आणायचे. एकदा मांजर आलं. एकदा कुर्डुवाडीची आगगाडी थेट आमच्या सात रस्त्याच्या चौकात आली आणि सिग्नलला थांबली. जागेपणी तिथं कोण थांबतं? माझ्या एकेक हौशी भागत होत्या, आणि हे वहीतलं सगळं आपलं म्हणून रंगवत होते.

नऊ चित्रं झाल्यावर ओळखीच्या एकांनी आपल्या हॉलमध्ये प्रदर्शन लावू दिलं. एक चित्रकलेचे सर पाण्याच्या चित्रापुढं उभे राहून म्हणाले, हा मनाच्या तळाचा प्रवाह आहे. मला सांगावंसं वाटलं की सर, हा आमच्या गल्लीतला नळ आहे. पण हे इतके फुलले होते की मी मुकाट पेढ्यांचा डबा पुढं केला.

ह्यांच्या थोरल्या बहीण, अक्का, प्रदर्शनासाठी मुक्कामाला आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्या पहाटेच उठल्या आणि ह्यांचं पुटपुटणं त्यांनी ऐकलं. चहाच्या वेळी हसत म्हणाल्या, "ह्येचा हत्ती अजून येतोय की."

मी विचारलं, कुठला हत्ती?

"आनी म्हंजे हत्ती गं. आनी बंतु, हत्ती आला. ल्हानपणी गावात मठाचा हत्ती आलता. ह्यो त्येच्या मागं मागं पार शिवंपतुर गेलता. घरी आल्यावर लई मार खाल्ला."

ह्यांनी बशी खाली ठेवली आणि वही मागितली. पाणी, मांजर, गाडी, एकेक पान शांतपणे वाचलं. मी खरं ते सगळं सांगून टाकलं. हे रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"पस्तीस वर्षं मालक सांगंल ते काढलं," एवढंच म्हणाले, "आता तू सांगशील ते."

मला फार वाईट वाटलं. ह्या माणसाला जन्मात एकच गोष्ट स्वतःची हवी होती आणि तिच्यात मी माझं घुसडलं होतं. वर लोकांनी वाहवा केली तेव्हा मनातल्या मनात खूशही झाले होते.

अक्का गावाकडं गेल्या. चार दिवस ह्यांनी ब्रशला हात लावला नाही. पाचव्या पहाटे हे पुन्हा पुटपुटले. मी वहीत लिहिलं, 'आनी बंतु'. पुढचं पान कोरं सोडलं आणि वही चहाच्या कपाशेजारी ठेवली. ह्यांनी ती वाचली, चहा तसाच राहिला आणि हे कागद घेऊन बसले.

तीन दिवसांनी हत्ती झाला. खरं सांगते, म्हशीसारखा झालाय. त्यातून पाठमोरा: हे भलंमोठं ढुंगण आणि एवढीशी शेपूट. सोंडेचा पत्ता नाही. मी विचारलं, तर म्हणाले, मी मागनं चालत होतो, मला सोंड कुठली दिसायला? पाण्याचं चित्र याच्यापेक्षा दसपट सरस होतं, हे मी देवापुढंही सांगेन. ह्यांना नाही सांगितलं.

हे हाताचा रंग पुसत चित्राच्या चारी कोपऱ्यांकडं बराच वेळ बघत राहिले. मग मला विचारलं, "सही कुटं करत्यात गं?"

खाली उजवीकडं, असं मी सांगितलं. प्रदर्शनातल्या नऊ चित्रांपैकी एकावरही ह्यांनी सही केली नव्हती, हे मला तेव्हा आठवलं.