कर्नलसाहेब साड्या बघत होते तेव्हा

नव्वदच्या दशकात आमची कंपनी होसकोटेला टेलिफोन एक्स्चेंज बनवायची. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं लष्करी राजवट असलेल्या एका देशाचं सरकार. बाकीची गिऱ्हाईकं दहा वेळा घासाघीस करत. ह्यांचं मागणं एकच: कुणाचाही फोन चोरून ऐकता यावा आणि ऐकताना 'खट्' असा आवाज होऊ नये. ती करामत मी करून दाखवली. आमच्या साहेबांनी कौतुक केलं तेव्हा, खरं सांगते, माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

माल तपासायला तिकडून दोघं आले, एक इंजिनिअर आणि एक कर्नल. इंजिनिअर मशीन तपासायचा, कर्नल इंजिनिअरला. तो बाथरूमला गेला तरी हा दाराशी उभा. तिसऱ्या दिवशी वायरिंग बघायच्या निमित्ताने इंजिनिअर रॅकमध्ये डोकं घालून मला म्हणाला, "माझी बहीण देश सोडून पळाली. चार वर्षं बोललो नाही. इथून एक फोन करायचाय. पण ह्याला कळलं, तर मी परत घरी पोचणार नाही."

माझ्या मामाचं जयनगरात साडीचं दुकान होतं. त्याच्या गादीवर टेकलेला माणूस साडी घेतल्याशिवाय उठलेला मी कधी पाहिला नव्हता. रविवारी "बाईसाहेबांसाठी काहीतरी घेऊ" म्हणत मी दोघांना तिथे नेलं. मामाने दहा मिनिटांत कर्नलच्या मांडीवर रेशमाचा ढीग केला, हातात कॉफी दिली. तो उठू लागला की मामा एक पदर त्याच्या खांद्यावर टाकून आरसा दाखवी. "सर, स्वल्प थांबा! खरा माल आतच आहे अजून." अख्खा देश ज्याला चळचळा कापायचा, तो माणूस मोरपंखी की डाळिंबी ह्यात अडकून पडला. आम्ही नारळपाण्याच्या नावाखाली सटकलो.

शेजारीच आयएसडी बूथ होता. काचेच्या खोलीचं दार कधीच लागत नसे आणि रांगेतली चार माणसं नेहमीसारखी कान टवकारून उभी.

"कुणाला फोन, अक्का?" बूथवाल्याने विचारलं.

"ह्यांच्या बहिणीला. चार वर्षांनी."

"अय्यो!" म्हणत सगळ्यांनी त्याला पुढे ढकललं.

फोन लागला. बहिणीचं रडणं आम्हाला बाहेरपर्यंत ऐकू आलं. हा मात्र ताठ उभा. त्यांच्या भाषेतले मला कामापुरते वीसेक शब्द यायचे, तरी तो बोलला ते सगळं कळलं. हवा चांगली आहे. जेवण चांगलं आहे. आई बरी आहे. सरकार चांगलं आहे. दोन मिनिटांत त्याने फोन ठेवला.

माझं डोकंच फिरलं. "अहो, मामाला कामाला लावलं, माझी नोकरी टांगणीला लावली, आणि तुम्ही हवा सांगता? इथे कोण ऐकतंय तुमचं?" हे मी रांगेतल्या चौघांसमोर विचारलं.

"आमच्याकडे फोनवर कुणीच मोकळं बोलत नाही. मी बोललो असतो तर ती घाबरली असती," तो म्हणाला. "तिला वाटलं असतं, मला पकडलंय आणि कुणीतरी बोलायला लावतंय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामाच्या दुकानात कर्नल तीन साड्या बांधून घेत होता. सोमवारी, 'खट्' न करणारा आमचा माल पसंत पडल्याच्या कागदावर इंजिनिअरने सही केली. त्याच्याखाली मीही केली.