शिरीषच्या चुका मोजताना

शिरीष गेला त्याच्या चार दिवस आधी मी त्याच्या घरी गेलो होतो. अमेरिकेतल्या कॅरी गावातलं त्याचं घर, खालच्या खोलीत आणून ठेवलेला हॉस्पिटलचा पलंग आणि उशीशी मँडोलिन, जी आता त्याला उचलवत नव्हती. त्याची बायको मीनल चहा करायला आत गेली, तेव्हा त्यानं मला जवळ बोलावलं. "पंडित, आता तरी खरं सांग बे. मला वाजवता येत होतं का?" मी पुण्यात बारा वर्षं गुरुजींसमोर बसून व्हायोलिन शिकलेला. तो नागपूरचा, सॉफ्टवेअर टेस्टर, चाळिशीत इंटरनेटवर बघून मँडोलिन हातात धरलेला. मी म्हणालो, "तारा जुळवायचा कंटाळा करायचास तू." तो हसला... हसताना त्याला दुखत होतं. तेवढ्यात मीनल चहा घेऊन आली आणि विषय राहून गेला. आज त्याला जाऊन सहा आठवडे झाले.

मला त्याचा हेवा वाटायचा. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात, पण गोडगोड लिहिलं तर पहिल्यांदा तोच हसेल. दहा वर्षांपूर्वी, अर्ध्या तासावरच्या एका छोट्या गावात, गिटारच्या दुकानामागे शनिवारी लोक ब्लूग्रास वाजवायला जमतात हे त्याला कळलं. इकडच्या डोंगरातलं हे संगीत... बँजो, गिटार, फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, ढोलबिल काही नाही. हा तिथे जाऊन बसला आणि दोन वर्षांत त्यांच्या बँडमध्ये उभा राहिला. बँजोवर रे नावाचा प्लंबर, उभ्या मोठ्या बेसवर डॉना ही निवृत्त शिक्षिका, गिटार आणि फिडलवर दोघे भाऊ, आणि पाचवा आमचा शिरीष. त्यांचा जवळपासचा एकही कार्यक्रम मी चुकवला नाही. लोक म्हणायचे, काय मैत्री आहे. मी चुका मोजायला जायचो. म्हणूनच सगळे कार्यक्रम मला इतके नीट आठवतात. एका जत्रेत ऐन कार्यक्रमात वीज गेली, माईक बंद पडला. शिरीष मँडोलिन घेऊन सरळ स्टेजवरून खाली उतरला, त्याच्यामागे बाकीचे, आणि गवताच्या भाऱ्यांमध्ये उभं राहून त्यांनी अर्धा तास वाजवलं. लोक हातातली कणसं तशीच धरून जवळ सरकत होते. परतताना गाडीत मी त्याला सांगितलं, दुसऱ्या गाण्याची सुरुवात चुकली. तो म्हणाला, हो ना यार, आणि पुढच्या वेळी ती सुधारून आला.

गणपतीत मात्र माझा खरा जळफळाट झाला. मंडळाच्या गणपतीत शाळेच्या कॅफेटेरियात माझं वीस मिनिटांचं व्हायोलिन वर्षानुवर्षं ठरलेलं, महाप्रसादाच्या बरोब्बर आधी, त्यामुळे लोकांचं अर्धं लक्ष पुऱ्यांकडे. त्या वर्षी शिरीष अख्खा बँड घेऊन आला. रे कुणाचा तरी मागून आणलेला, खांद्यात घट्ट झालेला कुर्ता घालून उभा. त्यांनी सुरुवात केली आणि फोनमध्ये डोकी घातलेली मुलं उठून नाचायला लागली. बायकांनी ताटं खाली ठेवली. माझ्या वादनावर आजवर एक अक्षर न बोललेल्या देशपांडे काकू मला म्हणाल्या, "अरे, तूही असं काहीतरी शिकून घे ना." मी महाप्रसादाला न थांबता व्हायोलिन उचलून निघालो.

शिरीषला ते समजलं असावं. पुढच्या वसंतात, आठवडी बाजारातल्या कार्यक्रमात त्यानं मला स्टेजवर बोलावलं. या लोकांचा रिवाज असा की सगळ्यांत मिळून एकच माईक. ज्याची पाळी त्यानं पुढे यायचं, थोडकं वाजवायचं आणि मागे सरून दुसऱ्याला वाट द्यायची. मी पुढे गेलो, डोळे मिटले आणि आपल्या मैफिलीत बसल्यासारखा वाजवतच राहिलो. डोळे उघडले तेव्हा रे, मला मागाहून कळलं, तीनदा पुढे येऊन मागे गेला होता, आणि शिरीष माझ्यामागे मान खाली घालून शांतपणे ठेका धरून होता. नंतर त्यानं सगळ्यांना सांगितलं की मला मागे सरायची खूण करायला तोच विसरला. मी त्याला थँक्यू म्हटलं नाही. उलट त्या दिवशीच्या त्याच्याच दोन चुका दाखवल्या. इतका मी कोत्या मनाचा झालो होतो.

गेल्या शनिवारी लायब्ररीच्या हिरवळीवर बँडचा त्याच्यानंतरचा पहिला कार्यक्रम झाला. मँडोलिनला एक नवी मुलगी होती, पंचविशीची. शिरीषपेक्षा चांगली वाजवते. स्वच्छ, सुरेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि माझ्या पोटात दुखलं, पण या वेळी त्याच्यासाठी. मी कान टवकारून तिच्या चुका शोधत होतो आणि एकही सापडेना. शेवटी त्यांची नेहमीची जलद धून आली. तिसऱ्या फेरीला शिरीष हमखास घाई करायचा. मी दर वेळी सांगायचो, तो हो म्हणायचा आणि पुन्हा तिथंच पळायचा. मुलगी तिसऱ्या फेरीत अगदी लयीत शिरली... आणि रेचा बँजो तिच्या पुढे निघून गेला. डॉनाचा बेसही, दोघे भाऊही. मुलगी गोंधळून त्यांच्याकडे बघायला लागली. डॉनानं ओठ घट्ट मिटले, पण ती मागे आली नाही. त्या चौघांचा मला फार हेवा वाटला. त्यांच्या हातांत तो अजून होता. मग मी खाली बघितलं. बारा वर्षं तालीम घेतलेला माझा पायही ठेका धरून त्यांच्याबरोबर कधीच पुढे निघाला होता.

येत होतं रे तुला वाजवता.