सुभद्राचं खत

सुभद्राने तुळशीदासभाऊंच्या बाबूवर करणी केली, म्हणून त्याच्या पोटात अन्न ठरेना, अशी बातमी वाडीवाडीतून फिरली. करणी कसली, डोंबल! तिने ओढ्यावरच्या साकवाच्या कठड्यावर मासळीचं खत वाळत घातलं होतं, आणि बाबूची बैठक नेमकी तिथेच भरायची.

अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. हा बाबू आणि त्याचे सोबती म्हणजे गावाचे दागिने! मॅट्रिकला आपटलेले. आईच्या हातचं गिळायचं, भांग पाडायचा आणि साकवावर येऊन बूड टेकायचं, एवढाच काय तो पराक्रम. शाळेतल्या पोरींना दुसरी वाट नव्हती. शिट्ट्या, अचकटविचकट गाणी, आणि एक दिवस तर बाबूने सुभद्राच्या मालनची वेणीच ओढली. आठवीतली पोर ती. घरी येऊन म्हणाली, "आई, मी उद्यापासून शाळेत नाही जात."

सुभद्रा तडक तुळशीदासभाऊंकडे गेली. भाऊ गावचे शहाणे, झोपाळ्यावर बसून न्याय द्यायचे.

"पोरं आहेत, थट्टा करायचीच," भाऊ सुपारी कातरत म्हणाले. "आणि तुझ्याच पोरीची वेणी बरी दिसली त्यांना? बसव तिला घरी. केळीच्या वाडीत कामाला होईल."

सुभद्राचा नवरा नरहरी शेजारी उभा राहून मान हलवत होता. कुणाच्या बाजूने, ते त्याचं त्याला तरी ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

सुभद्रा तिथून निघाली ती थेट पाचूबंदरला जुलियाना कोळणीकडे गेली. केळीच्या खताला सडकी मासळी दरसाल तिच्याकडूनच यायची.

"घेऊन जा बाय," जुलियाना म्हणाली, "पन पानी लागू देऊ नको हां, आख्खा गाव उठेल!"

सुभद्राने घरी येऊन आधी पाणी मारलं. मग शाळा सुटायच्या आत कठडाभर खत पसरलं.

बाबूने बसल्या जागी ओकारी काढली, आणि बैठक मोडली ती मोडलीच. मालन नाकाला रुमाल लावून शाळेत जाऊ लागली. तिच्यामागे बाकीच्या पोरीही.

आता मात्र भाऊंचं नाक जागं झालं. इतके दिवस शिट्ट्या काही त्यांच्या कानांपर्यंत पोचल्या नव्हत्या. साकवावर येऊन चारचौघांत ते गरजले, "सुभद्रे, गावाची वाट आहे ही! उचल ती घाण आत्ताच्या आत्ता!"

सुभद्राने डोक्यावरची टोपली खाली ठेवली.

"भाऊ, तुमचा बाबू दोन वर्षं याच कठड्यावर कुजत होता, तेव्हा नाही तुम्हाला वास आला. माझं खत निदान केळीला तरी घालता येतं."