ऑर्बीच्या इंजिनासाठी

लुरलीन स्पेन्हौरने सॉरा क्रीकच्या शाळेची बस आयुष्यभर चालवली. पोरं मागे भांडली तरी ती कधी ओरडली नाही. आरशातून नुसती बघायची. निम्मं गाव त्या नजरेखाली वाढलं. तशीच नजर तिने एकाहत्तर सालापासून डेल्मर टीगवर रोखून धरली होती.

त्या साली तिच्या नवऱ्याने, ऑर्बीने, गावाबाहेरच्या शर्यतपट्टीवर आपल्या डॉज डार्ट गाडीने डेल्मरच्या कॅमारो गाडीला हरवलं. डेल्मरने तक्रार केली, की इंजिन नियमापेक्षा मोठं आहे. तक्रार आली की इंजिन तिथेच, सगळ्यांदेखत खोलायचं, अशी रीत. मोजमाप घेणारा डेल्मरचा मेहुणा. ऑर्बी लबाड ठरला आणि जन्मभरासाठी बाद झाला. पुढे तो त्या रस्त्याने फिरकलाही नाही. त्याच्या दफनालासुद्धा कुणीतरी ‘मोठ्या इंजिनवाला ऑर्बी’ म्हणालंच.

त्यानंतर लुरलीनने कोठारातली डार्ट बाहेर काढली, दुरुस्त करवून घेतली आणि जुन्या गाड्यांच्या शर्यतीत नाव घातलं. करंडक तिला नको होता. डेल्मरला त्याच पट्टीवर, त्याच्याच माणसांसमोर मान खाली घालायला लावायची होती.

या शर्यतीत आपल्याला किती वेळ लागेल ते आपणच आधी काचेवर लिहायचं. दोघांच्या वेळेत जेवढा फरक, तेवढं हळू गाडीला आधी सोडतात. पण लिहिल्यापेक्षा लवकर पोचलात तर हरलात. डेल्मर नेहमी हातचं राखून जास्तच वेळ लिहायचा आणि लवकर पोचू नये म्हणून शेवटी हलकेच ब्रेक दाबायचा. कुंपणाशी उभं राहून लुरलीनने हे कितीतरी उन्हाळे पाहिलं होतं.

अंतिम फेरीत समोर तोच आला. ती सँडविच खात त्याच्या गाडीशी गेली.

“डेल्मर, तू शेवटी शेवटी ब्रेक का मारतोस रे? लोक म्हणतात, डॉक्टरांनी सांगितलंय.”

“कोण म्हणतं?”

“मी नाही बाबा. मी म्हटलं, गाडीच म्हातारी झाली असेल.”

“या गाडीची पाठ बघण्यात तुझ्या नवऱ्याचा जन्म गेला, लुरलीन.”

“हो का? बघू या,” म्हणत तिने हात पुसले.

डार्ट आधी सुटली. पट्टी संपत आली तशी कॅमारो खिडकीशी आली. लुरलीनने पाय जरा सैल केला आणि डेल्मरकडे बघून, लहान पोराला करतात तसा टाटा केला. मग कसला ब्रेक! कॅमारो सुसाट पुढे गेली. फलकावर त्याची वेळ लागली, लिहिल्यापेक्षा कमी. बाकांवर हशा पिकला.

डेल्मर लंगडत तिच्या खिडकीशी आला.

“पुढे मीच होतो.”

“सगळ्यांनी पाहिलं. म्हणून तर हरलास.”

तो खिडकीत वाकला. मग हळूच म्हणाला, “ऑर्बीचं इंजिन बरोबर होतं. मला ठाऊक होतं. झालं समाधान?”

“मलाही ठाऊक होतं. या लोकांना नाही.” तिने निवेदकाच्या मनोऱ्याकडे बोट दाखवलं. “माईक वर आहे.”

“माझे गुडघे गेलेत गं.”

“सावकाश चढ. मला घाई नाही.”

“आणि नाही चढलो तर?”

“तर पुढच्या वर्षी येईन. त्याच्या पुढच्याही.”

डेल्मरने मनोऱ्याच्या जिन्याचा कठडा धरला. तिसऱ्या पायरीवर थांबून, कुणी हात देतंय का म्हणून त्याने मागे पाहिलं. लुरलीनने इंजिन बंद केलं, वरचं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून.