पाठीवरचा ताल

एलिडा बारेराने नवऱ्याला सकाळपासून सहा वेळा बजावलं होतं, की विचारलं तरच बोलायचं, आणि विचारलं तर नुसतं हसायचं. रमीरोने सहाही वेळा मान डोलावली. सातव्यांदा त्यानेच विचारलं, "आज लग्न कोणाचं आहे?"

लग्न खोटं होतं, वऱ्हाडी तेवढे खरे. सॅन अँटोनियोच्या वेस्ट साइडला नाचाचा एक जुना हॉल आहे, तिथे शूटिंग होतं. टेक्सासमधल्या मेक्सिकन लोकांवरचा आणि त्यांच्या तेहानो गाण्याबजावण्यावरचा सिनेमा. गर्दीत नाचायला सिनेमावाल्यांना दर रविवारी खरोखर नाचणारी म्हातारी जोडपी हवी होती. आजवर पडद्यावर एलिडाला आपली माणसं दिसली ती हातात पिस्तूल घेतलेली, नाहीतर लादी पुसायचं फडकं. नाचताना कोणी दाखवत असेल तर जायलाच हवं, असं ती शेजारपाजारी सांगत होती.

पण ते झालं सांगायचं. मनातलं निराळंच होतं. शाळेच्या कँटीनमध्ये आठवडाभर तोर्तिया भाजायच्या आणि रविवारी नवऱ्याबरोबर नाचायचं, यात बाईची चाळीस वर्षं गेली. तरी घरात नाचतानाचा एक फोटो नाही. काढणार कोण? जो तो नाचत असायचा. आणि आता रमीरो विसरायला लागला होता. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग थोरल्या मुलाचं नाव. पाय तेवढे विसरले नव्हते. तेही कधी विसरतील याचा नेम नाही, म्हणून त्याआधी ते कुठेतरी राखून ठेवायचे होते, कैऱ्यांचा हंगाम सरायच्या आत लोणचं घालावं तसे.

सिनेमावाल्यांना यातलं तिने काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांनी रमीरोला घेतलं नसतं.

माणसं जागेवर उभी करायचं काम रुहीकडे होतं. मिशिगनमधल्या ट्रॉयची, मराठी आईबापांची लेक. घरचे झाडून सगळे आयटीत, ही एकटी सिनेमात. आवाज होऊ नये म्हणून ती सगळ्यांच्या बुटांच्या तळाला जाड कापडाचे तुकडे चिकटवत होती. रमीरोने आपले चकचकीत बूट मागे घेतले. एलिडाने ते पुढे ढकलले.

अकॉर्डियन सुरू झालं. पेटीच छातीशी बांधावी तसं ते वाद्य, त्यावर पोल्का नाचाची उडती चाल वाजायला लागली की म्हाताऱ्यांचे गुडघेसुद्धा दुखायचे थांबतात. जोडपी हॉलभर गोल फिरू लागली. आपण देवाला प्रदक्षिणा घालतो त्याच्या बरोबर उलटी यांची फेरी, आणि मधे कोणी थांबायचं नाही. रमीरो तरंगत होता.

आणि गाणं बंद पडलं.

नायक-नायिकेचं बोलणं स्वच्छ यावं म्हणून गाणं मधेच बंद करतात, बाकीच्यांनी मुक्याने नाचत राहायचं, गाणं मागाहून भरतात. हे सकाळी सांगितलं होतं म्हणे. एलिडा तेव्हा रमीरोची बटणं लावत होती. रमीरो जागच्या जागी उभा राहिला. मागचं जोडपं त्याच्यावर आदळलं, त्यांच्यावर त्यांच्या मागचं. त्या शांततेत तो मोठ्याने म्हणाला, "कोण गेलं?"

त्याचं तरी काय चुकलं? त्या हॉलमध्ये बाजा मधेच थांबायचा तो कोणी कोसळलं तरच.

दुसऱ्या खेपेला पुन्हा तेच. तरुण दिग्दर्शक रुहीच्या कानाशी काहीतरी बोलला, आणि रुही खाली बघत यांच्याकडे आली.

"दोन्या एलिडा," ती तिकडच्या रीतीने, आदराने म्हणाली, "तुम्ही दोघं त्या टेबलाशी बसता का? तिथेही कॅमेरा येईल."

एलिडाने सबब शोधली. सापडली नाही.

"बसलेले फोटो घरभर आहेत, लेकी. तो विसरतो. नाचताना विसरत नाही. एकदा होऊ दे. परत थांबला तर मीच त्याला घरी नेते."

रुही परत गेली, दिग्दर्शकाशी हळू बोलली. त्याने घड्याळ पाहिलं आणि एक बोट वर केलं.

तिसऱ्यांदा एलिडाने गाणं ऐकलंच नाही. ती ते थांबायची वाट बघत होती. तिचा तळवा रमीरोच्या पाठीवर, कोटावर टेकलेला होता. एक फेरी झाली. दुसरी अर्धी झाली. गाणं तुटलं.

रमीरोचं पाऊल अधांतरी राहिलं.

तेव्हा एलिडाची बोटं त्याच्या पाठीवर पडायला लागली. एक-दोन, एक-दोन. मूल थोपटतात तसं, पण निजवायला नव्हे, जागं ठेवायला. पाऊल खाली आलं, ते तालात आलं. मग त्याने तिच्याकडे पाहिलं, ओठ उघडले. तिला बोलता येत नव्हतं, तिने बोटं जोरात आपटली. ओठ मिटले. नायकाला मनातलं सांगायला फार वेळ लागत होता. संधिवाताने एलिडाची करंगळी वाकडी झाली, मग तिसरं बोट. उरलेल्या दोन बोटांवर तिने नवऱ्याला कॅमेऱ्यासमोरून नेलं.

"कट," कोणीतरी म्हणालं.

पुढच्या वसंतात दोघं दुपारच्या खेळाला गेली. पडद्यावर चार-पाच सेकंद आली असतील. रमीरोची पाठ, आणि त्या पाठीवर हलणारी एलिडाची बोटं. मागाहून भरलेलं गाणं मात्र भलतंच होतं, चांगलंच जलद. बोटं एकीकडे, बाजा दुसरीकडे.

रमीरो पुढे वाकला. "त्या बाईचा ताल चुकतोय."

"चुकू दे," एलिडा म्हणाली. "गडी बघ कसा नाचतोय."

रमीरोने डोळे बारीक करून बघितलं. "नाचतोय खरा," त्याने मान्य केलं. मग जरा वेळाने म्हणाला, "पण ती बाई त्याला सोडेचना."

एलिडाने पॉपकॉर्नचा पुडा त्याच्याकडे सरकवला.